नाव ठेवणे आणि नावं ठेवणे

मराठी भाषेची एक गंमत बघा. बाराव्या दिवशी पाळण्यातल्या बाळाचं आपण 'नाव ठेवतो'. आणि तेच बाळ मोठं झालं की आयुष्यभर त्याला 'नावं ठेवतो'. फरक एका अनुस्वाराचा. पहिल्या नावानं माणूस आपल्यात येतो, दुसऱ्या नावानं तो बाहेर ढकलला जातो. दोन्ही नावं ठेवणारे मात्र तेच असतात, आपलेच लोक.

हे डोक्यात आलं फुटबॉलमुळे. आमच्या भावकीतली पोरं रात्र रात्र जागून युरोपातले सामने बघतात. त्यातल्या एकानं विचारलं, "काका, नुसतं माकड म्हटलं म्हणून तुरुंगाची शिक्षा? शिव्या कुठल्या मॅचला नसतात?" विषय स्पेनचा होता. २१ मे २०२३ ला व्हॅलेन्सियाच्या मैदानावर रिअल माद्रिदच्या विनिसियस ज्युनियर या ब्राझीलच्या कृष्णवर्णीय खेळाडूला गॅलरीतून माकडाच्या आवाजात चिडवण्यात आलं. जून २०२४ मध्ये त्यातल्या तिघांना आठ महिन्यांची शिक्षा झाली. फुटबॉलच्या मैदानावर वर्णावरून शिवी दिली म्हणून स्पेनमध्ये झालेली ही पहिलीच शिक्षा.

पोराचा प्रश्न खोटा नव्हता. पण एका वाक्यात उत्तर देण्यासारखाही नव्हता. म्हणून हा लेख. थोडा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

सुरुवात घरापासूनच करू. आमचा चंदगड तालुका कोल्हापूर जिल्ह्याच्या पार दक्षिण टोकाला. बेळगाव आम्हाला कोल्हापूरपेक्षा कितीतरी जवळ, आणि तिलारी घाट उतरलं की दोडामार्गावरून सरळ गोवा. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत आमचा तालुका बेळगाव जिल्ह्यातच होता. त्यामुळे बोलीत कानडीचा हेल आणि कोकणीचे शब्द. कोल्हापुरात शिकायला गेलेल्या पोराला पहिल्याच आठवड्यात कोणीतरी विचारतं, "काय रे, कानडी काय तू?" आणि गोव्यात पोट भरायला गेलेल्याला एकच नाव मिळतं - घाटी.

आता 'घाटी' या शब्दात वाईट काय आहे? घाट म्हणजे सह्याद्री चढायची-उतरायची वाट. घाटावर राहतो तो घाटी, कोकणात राहतो तो कोकणी. भूगोलाच्या पुस्तकात शोभेल असा शब्द. पण मुंबईत गिरण्या सुरू झाल्या, गोद्या वाढल्या, आणि सातारा-कोल्हापूरकडची माणसं तिथं ओझी उचलायला, साचे चालवायला गेली. आमच्या आजरा-गडहिंग्लज-चंदगड पट्ट्यातली तर घरटी एक माणूस मुंबईला असायचा. त्या माणसांकडे बघून शहरानं 'घाटी' म्हणायला सुरुवात केली आणि शब्दाला वास आला. घामाचा, अडाणीपणाचा, स्वस्त मजुरीचा. शब्द तोच, बोलणारा आणि ऐकणारा यांच्यातली उंची बदलली होती.

माझा एक चुलत भाऊ बरीच वर्षं गोव्यात एका हॉटेलात कामाला होता (हॉटेलाचं नाव सांगत नाही, त्याची गरज नाही). तिथं त्याला नाव असं नव्हतंच. "ए घाटी, पाणी आण." तो सांगायचा की मारापेक्षा वाईट गोष्ट ही होती की काही महिन्यांनी तो त्या हाकेला सवयीनं 'ओ' देऊ लागला. गावी आला की आई त्याच्या नावानं हाक मारायची तेव्हा क्षणभर त्याला उमगायचं नाही. हे त्यानं हसत हसत सांगितलं होतं. ऐकणारं कोणी हसलं नाही.

हे आधी सांगितलं ते अशासाठी, की पुढचा इतिहास वाचताना 'हे सगळं परक्यांचं' असं वाटू नये.

आफ्रिकेतून आलेल्या माणसांसाठी आपल्याकडे जुने तीन शब्द आहेत. हबशी, सिद्दी आणि गोव्या-कोकणाकडचा खाप्री. 'हबशी' हा अरबी 'हबश' म्हणजे आजच्या इथिओपियावरून आलेला. म्हणजे पुन्हा भूगोलच. 'सिद्दी' हा अरबी आदरार्थी शब्दाच्या जवळचा, 'माझे स्वामी' अशा अर्थाचा. आणि 'खाप्री'चा प्रवास सगळ्यात लांबचा. अरब व्यापाऱ्यांनी पूर्व आफ्रिकेतल्या इस्लाम न मानणाऱ्यांना 'काफिर' म्हटलं, पोर्तुगिजांनी तो शब्द उचलून 'काफ्र' केला, गुलामांच्या जहाजांतून तो गोव्यात उतरला आणि कोकणीत खाप्री झाला. तोच शब्द दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांच्या तोंडी इतका विषारी झाला की २०१८ साली तिथं एका गोऱ्या बाईला कृष्णवर्णीय पोलिसांना उद्देशून तो वारंवार वापरल्याबद्दल तुरुंगवासाची शिक्षा झाली. एकच शब्द, एका किनाऱ्यावर तुरुंग आणि दुसऱ्या किनाऱ्यावर सहज तोंडात येणारी थट्टा.

आपल्या इतिहासातला सगळ्यात मोठा हबशी म्हणजे मलिक अंबर. इथिओपियात जन्मलेला हा मुलगा, मूळ नाव चापू असं सांगतात. गुलाम म्हणून अनेकदा विकला गेला आणि विकत घेणाऱ्या एका धन्यानं त्याचं 'अंबर' हे नाव ठेवलं. तो दख्खनेत आला आणि वाढत वाढत निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. खडकी हे शहर त्यानं वसवलं, तेच पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर. गनिमी काव्यानं त्यानं मोगलांना वर्षानुवर्षं जेरीस आणलं. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले.

जहांगीर बादशहाला हा माणूस शेवटपर्यंत हाती लागला नाही. मग बादशहानं काय केलं? आपल्या आठवणींत त्याच्या रंगावरून त्याला नावं ठेवली. 'काळतोंड्या' या जातीची विशेषणं लावली. एवढ्यावर भागलं नाही. १६१६ च्या सुमारास अबुल हसन या दरबारी चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं. त्यात जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्यावर टांगलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतो आहे. प्रत्यक्षात अंबर त्यानंतर दहा वर्षं जगला आणि १६२६ साली म्हातारपणी वारला. तो गेल्यावर मोगलांच्याच इतिहासकारानं लिहून ठेवलं, की युद्धात, कारभारात आणि शहाणपणात या माणसाला तोड नव्हती.

मला हा प्रसंग फुटबॉलच्या गॅलरीसारखा वाटतो. जो माणूस मैदानात अडवता येत नाही, त्याचा रंग काढायचा. विनिसियसला कोणी त्याचा खेळ वाईट आहे म्हणून माकड म्हटलं नाही. तो आवरत नव्हता म्हणून म्हटलं.

अंबरसारखे मोठे झाले त्यांची नावं इतिहासात आहेत. बाकीच्यांचं काय झालं? गोव्यातल्या गुलामीतून पळालेल्या बऱ्याच जणांनी सह्याद्रीच्या जंगलाचा आसरा घेतला. त्यांचे वंशज म्हणजे आजचे कर्नाटकातले सिद्दी. उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोडकडे आणि बेळगावच्या पलीकडे खानापूर तालुक्यात त्यांच्या वस्त्या आहेत. म्हणजे आमच्या चंदगडपासून काही फार लांब नाही. कोकणी, मराठी, कानडी या भाषा ते आपल्यासारख्याच बोलतात. हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. पिढ्यान् पिढ्या इथंच असूनही शहरात उतरले की त्यांना प्रश्न येतो, "कुठल्या देशातून आलात?" भारतीय खेळ प्राधिकरणानं १९८७ च्या सुमारास सिद्दी मुलांना धावण्याच्या शर्यतींसाठी तयार करायची योजना आखली होती, त्यातून चांगले खेळाडू घडलेही, पण काही वर्षांत ती गुंडाळली गेली. २००३ साली उत्तर कन्नडमधल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. २०२० साली शांताराम सिद्दी कर्नाटकच्या विधान परिषदेवर गेले, तिथं पोचलेले ते पहिले सिद्दी. चारशे वर्षं शेजारी राहिलेल्या लोकांना सभागृहात नावानं हाक मारायला इतका वेळ लागला.

आता मैदानाकडे येऊ.

गोव्यातला फुटबॉल नायजेरियन खेळाडूंनी काय गाजवला हे जुन्या प्रेक्षकांना वेगळं सांगायला नको. चर्चिल ब्रदर्सचा ओडाफा ओकोली आणि धेंपोचा रँटी मार्टिन्स. २०११-१२ च्या आय-लीगमध्ये रँटीनं एकट्यानं ३२ गोल केले आणि धेंपोनं विजेतेपद घेतलं. गोव्यात त्याच्या नावाचा जयघोष व्हायचा. आणि त्यानंतर दीड-दोन वर्षांत, २०१३ च्या ऑक्टोबरअखेरीस, म्हापशाजवळ पर्रा इथं एका नायजेरियन माणसाचा खून झाला. त्याच्या देशबांधवांनी महामार्ग अडवला, आणि तेव्हाच्या एका मंत्र्यांनी नायजेरियनांची तुलना चक्क कॅन्सरशी केली. देशभर टीका झाली. पण प्रश्न उरतोच. रविवारी ज्याच्या गोलवर नाचायचं, सोमवारी त्याच्याच गाववाल्याला खोली भाड्यानं द्यायची नाही, हे कसं?

आणि हो, 'घाटी' म्हणून हिणवले गेलेले आमचेच लोक त्या वेळी गोव्यात त्याच नायजेरियनांना काय काय म्हणत होते, तेही मी ऐकलं आहे. उतरंडीत आपल्या खाली कोणीतरी आहे याचं समाधान फार स्वस्त असतं.

कोल्हापूरचं फुटबॉलवेड तर महाराष्ट्राला माहीत आहे. तालमींचे संघ, पेठांची ईर्षा, शाहू स्टेडियमची गर्दी. मुंबई-पुण्याला हेवा वाटावा असा हा खेळ इथल्या मातीत रुजला आहे. पेठांच्या संघांतून आफ्रिकन खेळाडूही खेळले आणि लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. पण बाजू दुसरीही आहे. जिल्ह्यातल्या एका मैदानावर (गाव मुद्दाम सांगत नाही) एका स्पर्धेचा सामना बघताना मी उभा होतो. विरुद्ध संघातल्या आफ्रिकन खेळाडूकडे चेंडू गेला की शंभर-दीडशे गळ्यांतून रंगावरचा एकच शब्द निघायचा. मध्ये हशा. शेजारच्या एका पोक्त गृहस्थांना मी म्हटलं, "दादा, हे बरं न्हवं." ते शांतपणे म्हणाले, "अहो, त्याला कुठं मराठी कळतंय?"

या वाक्यानं मला बरेच दिवस छळलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की न कळलेली शिवी लागत नाही.

डॅरेन सॅमीची गोष्ट त्यांना सांगायला हवी होती, पण ती तेव्हा घडायची होती. वेस्ट इंडिजला दोन टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकून देणारा हा कप्तान आयपीएलमध्ये हैदराबादकडून खेळायचा. ड्रेसिंग रूममध्ये त्याला 'काळू' म्हणत. सॅमीला वाटायचं, या शब्दाचा अर्थ दणकट घोडा असा काहीतरी असावा. हाक मारली की सगळे हसायचे, आणि सगळे हसतात म्हणून तोही हसायचा. २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या खुनानंतर जगभर चर्चा पेटली तेव्हा त्याला त्या शब्दाचा खरा अर्थ कळला, आणि मग त्याला आठवलं ते हसणं. नंतर एका जुन्या सहकाऱ्यानं बोलून सांगितलं की ते प्रेमानं होतं, सॅमीनंही विषय वाढवला नाही. पण विचार करा. सहा वर्षांनी मागं वळून बघताना त्याच्या सगळ्या गोड आठवणींत एक खडा पडला. शिवी उशिरा कळली म्हणून कमी लागत नाही. उलट, जेवढे दिवस आपण हसलो तेवढ्या दिवसांची लाज ती व्याजासकट वसूल करते.

आणि काही आवाजांना भाषांतर लागतच नाही. ऑक्टोबर २००७ मध्ये मुंबईच्या वानखेडेवर ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू सायमंड्सला प्रेक्षकांनी माकडाचे हावभाव करून चिडवलं. पोलिसांनी काहींना बाहेर काढलं. मार्च २०२४ मध्ये केरळात मलप्पुरम जिल्ह्यात, जिथं कोल्हापूरसारखंच फुटबॉलचं वेड आहे, तिथं आयव्हरी कोस्टच्या एका खेळाडूनं पोलिसांकडे तक्रार दिली, की आपल्याला माकड म्हटलं, दगड मारले आणि उलटून जाब विचारल्यावर मारहाण केली. त्या मैदानावर मल्याळम न समजणारा तो माणूस होता. समजायचं ते त्याला नीट समजलं.

आता सगळ्यात चिवट सबब. 'आमच्यात असंच म्हणतात हो, प्रेमानं.'

ऑक्टोबर २०११ मध्ये लिव्हरपूलच्या लुइस सुआरेझनं मँचेस्टर युनायटेडच्या पॅट्रिस एव्हराला रंगावरून संबोधलं. त्याचा बचाव हाच होता, की माझ्या उरुग्वेत हा शब्द मित्रांनाही वापरतात. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं भाषातज्ज्ञांचं मत घेतलं. निष्कर्ष सरळ होता. उरुग्वेत मित्राच्या खांद्यावर हात टाकून म्हटलेला शब्द आणि मैदानात भांडताना समोरच्याच्या तोंडावर फेकलेला शब्द एक नसतो. आठ सामन्यांची बंदी आणि चाळीस हजार पौंडांचा दंड.

दुसरा प्रसंग ८ डिसेंबर २०२०, पॅरिस. चौथ्या पंचानं इस्तंबूलच्या संघाच्या एका सहाय्यक प्रशिक्षकाकडे बोट दाखवताना आपल्या रोमानियन भाषेत 'तो काळा' असं म्हटलं. त्याच्या दृष्टीनं ती नुसती ओळख होती. पण त्या संघाचा डेम्बा बा पुढे आला आणि त्यानं जे विचारलं त्याचा आशय असा, की गोऱ्या माणसाबद्दल बोलताना तुम्ही 'तो गोरा' असं म्हणत नाही, मग काळ्याच्याच बाबतीत का? दोन्ही संघ मैदान सोडून गेले. सामना दुसऱ्या दिवशी नवे पंच आणून पूर्ण केला गेला.

योगायोग बघा. त्याच महिन्यात, डिसेंबर २०२० मध्ये, महाराष्ट्र सरकारनं गावोगावच्या वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती अशी नावं काढून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायची. तेव्हा अनेकांचा सूर होता, नुसत्या पाट्या बदलून काय होतंय? मला मात्र त्यात पॅरिसचाच प्रश्न दिसतो. शेकडो वर्षं ही नावं 'फक्त ओळख' म्हणूनच तर वापरली गेली. पत्ता सांगायचा म्हणून. पण तो पत्ता शाळेच्या दाखल्यावर, टपालाच्या पाकिटावर, लग्नाच्या पत्रिकेवर लिहिताना ज्याचा हात थबकतो त्यालाच त्याची किंमत ठाऊक. बाकीच्यांसाठी ती नुसती पाटी.

नावाचं ओझं काय असतं हे कोल्हापूरला शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं काही जमातींना जन्मानंच 'गुन्हेगार' असं नाव ठेवलं. त्यातून हजेरीची पद्धत आली. काही केलं असो वा नसो, त्या नावाच्या माणसानं रोज जाऊन हजेरी द्यायची. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली आपल्या संस्थानात ही हजेरी बंद केली. देशात तो कायदा जायला १९५२ साल उजाडलं आणि त्या जमातींना 'विमुक्त' हे नवं नाव मिळालं. नाव आधी येतं, हजेरीची वही मागून येते. म्हणून 'नुसतं नावच तर आहे' हे म्हणणं मला कधीच पटलं नाही.

मैदानावर आणखी एक वाईट गोष्ट घडते. शिवी देणारे हजारो असतात आणि ऐकणारा एकटा. त्यानं सहन केलं तर 'बघा, त्याला काही वाटत नाही'. चिडला तर 'बघा, डोकं ठिकाणावर नाही'. फेब्रुवारी २०२० मध्ये पोर्तुगालात मुसा मारेगा हा खेळाडू शिव्यांना कंटाळून मैदान सोडून निघाला. तर त्याचेच सहकारी त्याला धरून थांबवत होते. व्हॅलेन्सियाच्या त्या सामन्यात शेवटी लाल कार्ड मिळालं ते विनिसियसला, ते नंतर रद्द करावं लागलं. माझ्या चुलत भावाचंही हेच होतं. 'घाटी' म्हणू नका, असं एकदा म्हणाला तर मालक म्हणाले, लई शेफारलास.

पण बदल होतो. नोव्हेंबर २००५ मध्ये इटलीत मार्क झोरो या आयव्हरी कोस्टच्या खेळाडूनं चेंडू उचलून काखेत मारला आणि खेळ थांबवा म्हणाला, तेव्हा विरुद्ध संघाच्या खेळाडूंनीच त्याची समजूत घालून परत खेळायला लावलं होतं. आज नियमच आहे. पंच आधी खेळ थांबवतो, मग संघांना आत नेतो आणि तरी थांबलं नाही तर सामना रद्द. मे २०२४ पासून तर खेळाडूनं मनगटांची फुली करून दाखवली की पंचाला दखल घ्यावीच लागते. झोरोपासून या फुलीपर्यंत जवळजवळ एकोणीस वर्षं लागली. कुणीतरी एकट्यानं आधी चेंडू उचलावा लागतो.

आपल्याकडे हे काम पंचाच्या शिट्टीपेक्षा तालमीतल्या वडीलधाऱ्यांचं आहे असं मला वाटतं. कोल्हापुरात पेठेतल्या जुन्या खेळाडूनं, एखाद्या मामानं नुसतं मागं वळून "ए, गप रे" म्हटलं तरी गॅलरी गप्प होते, हे मी पाहिलं आहे. खुन्नस असू द्या. पास चुकला, गोल हुकला, पंच आंधळा आहे, काय हवं ते ओरडा. ज्या गोष्टी माणूस पुढच्या सामन्यात सुधारू शकतो त्यांना खुशाल नावं ठेवा. रंग, जात, गाव, बोली या गोष्टी पुढच्या रविवारी बदलून येत नाहीत.

आणि त्या खेळाडूला निदान त्याच्या नावानं हाक मारा. नाव अवघड असतं, मान्य. पण 'चंदगड' सुद्धा कोल्हापूरबाहेर बऱ्याच जणांना नीट म्हणता येत नाही. चंदीगड, चांदगड, काहीही करतात. आपण न थकता दुरुस्त करतोच की नाही?